श्रमदानाआधीची शाळा: पाणलोटाच्या कामासाठी गावातले स्वयंसेवक कसे घडवायचे

एप्रिल उजाडला की गावोगावी श्रमदानाची हाक दिली जाते. माणसं येतात, टिकाव-फावडी चालतात, महिनाभरात डोंगरउतारावर पाणी अडवून जिरवणाऱ्या चरांच्या ओळी दिसू लागतात. आणि मृगाच्या पहिल्या दोन-तीन दमदार सरींत त्यातल्या कित्येक चरांचे बांध फुटतात. पाणी एका टोकाला गोळा होऊन खाली धावतं आणि माती आधीपेक्षा जास्त वाहून जाते. कष्टांत काहीच कमी नसतं. आखणी चुकलेली असते, आणि ती चुकली आहे हे ओळखणारा माणूस गावानं तयार केलेला नसतो.

बहुतेक ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे देवळाच्या सभामंडपात दोन तासांचं भाषण, पडद्यावर चित्रफीत आणि दुसऱ्या दिवशी थेट खोदाई. एवढ्यानं भागत नाही. स्वयंसेवकाला तीन गोष्टी स्वतःच्या हातानं यायला हव्यात: समपातळी रेषा (उतारावर सगळीकडे एकाच उंचीवरून जाणारी रेषा) आखणं, झालेलं काम मोजून तपासणं आणि चुकीचं काम थांबवणं. पुढचे टप्पे या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लावले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

## टप्पा 1: जूनपासून मागे मोजत वेळापत्रक लावा

पाऊस जूनमध्ये येणार हे धरून मागे या. मेचा शेवटचा आठवडा दुरुस्तीसाठी मोकळा हवा. खोदाई मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, आखणी फेब्रुवारीत, प्रत्यक्ष प्रशिक्षण जानेवारीत, शिवारफेरी डिसेंबरात. म्हणजे माणसं निवडायचं काम दिवाळी झाली की लगेच सुरू व्हायला हवं. मार्चमध्ये जागं झालेलं गाव प्रशिक्षणालाच कात्री लावतं.

याच काळात जमिनीचा प्रश्न सोडवून घ्या. गायरानावर काम करायचं तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. वनजमिनीवर वनविभागाची लेखी परवानगी मिळेपर्यंत कुदळ लावायची नाही. हद्दीचे दगड वनरक्षकाला सोबत नेऊन बघून घ्या. खासगी जमिनीवर शेतकऱ्याची लेखी संमती हवी. तोंडी 'हो' म्हणणारा शेतकरी चर बांधाजवळ आला की 'नाही' म्हणतो, आणि तोवर स्वयंसेवकांची एक अख्खी सकाळ वाया गेलेली असते.

तपासा: ठराव, परवानगी आणि संमतीपत्रं एका फायलीत आहेत का? ती फाइल गटातल्या निदान दोघांकडे आहे का?

## टप्पा 2: माणसं निवडताना घाई करू नका

मध्यम आकाराच्या गावाला दहा-बारा जणांचा गाभा गट पुरतो. पुढे हेच लोक बाकीच्यांना शिकवणार असतात, म्हणून निवड जपून करा.

गावातला गवंडी घ्या. त्याला लेव्हल पाइप, म्हणजे पातळी बघायची पाण्याची नळी, रोजच्या कामातून माहीत असतो. गुरं राखणारा एकजण घ्या. कुठल्या घळीत पाणी पहिलं येतं आणि कुठे शेवटपर्यंत ओल राहते हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. आकडेमोड करणारी एक-दोन पोरं-पोरी घ्या. पण शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्या आणि सुटीपुरत्या आलेल्या मुलांवर गट उभा करू नका, कारण खरी गरज जून-जुलैत पडते आणि तेव्हा ती गावात नसतात. प्रत्येक वाडी-वस्तीतून कोणीतरी हवं. निम्म्या तरी बाया हव्यात, आणि त्यांना विचारूनच वेळ ठरवा. सकाळी सहाची वेळ पुरुषांना सोयीची असते. ज्या घरात पाणी भरणं आणि डबे करणं बाईवर आहे तिथे ती चालत नाही.

भूमिहीन कुटुंबांशी स्पष्ट बोला. 'विहिरी तुमच्या भरणार, आम्हाला काय?' हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. गायरानावरचा चारा, पिण्याच्या पाण्याची विहीर, कामाची मजुरी यांपैकी त्यांच्या पदरात नक्की काय पडणार हे ग्रामसभेत ठरवून मगच त्यांना गटात बोलवा. रोज कमावून खाणाऱ्या माणसाकडून महिनाभर फुकट श्रमाची अपेक्षा धरू नये. जी कामं रोजगार हमीत बसतात ती ग्राम रोजगार सेवकाला गाठून तिकडे लावा, आणि श्रमदान ज्याला जमेल तेवढंच ठेवा.

निवडलेल्या प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत सांगून टाका: प्रशिक्षणाचे किती दिवस, दर आठवड्याला किती तास, आणि पहिला मोठा पाऊस थांबला की लगेच डोंगरावर यावं लागेल. हे ऐकून दोघे गळाले तर बरंच झालं.

सावध: सगळी नावं एकाच गटा-तटाची असतील तर दुसरी बाजू श्रमदानाकडे फिरकत नाही. यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि तिथे आणखी नावं येऊ द्या.

## टप्पा 3: शिवारफेरी, माथ्यापासून पायथ्यापर्यंत

प्रशिक्षणाचा पहिला वर्ग डोंगरमाथ्यावर भरवा. ज्या डोंगरधारेवर पाणी दोन बाजूंना वाटलं जातं तिथे गटाला उभं करा आणि विचारा: इथे पडलेला थेंब कोणाच्या नाल्याला जाईल? मग त्या थेंबाच्या वाटेनं खाली चालत या. वाटेत प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी टिपायच्या: माती किती खोल आहे, उतार कसा आहे, पाण्यानं कुठे कापलं आहे.

भूजलाच्या कामात शिवाराचे तीन पट्टे मानतात: वरचं अपधाव क्षेत्र (जिथून पाणी वाहून जातं), मधलं पुनर्भरण क्षेत्र (जिथे मुरतं) आणि खालचं साठवण क्षेत्र (जिथे साठतं). ही नावं पाठ करून घेण्यात वेळ घालवू नका. कोणता उपचार कुठे शोभतो हे पायांखालून कळलं पाहिजे. वर चर आणि छोट्या घळींत अनगड दगडी बांध (न घडवलेले दगड नुसते रचून केलेले), मधल्या शेतांत बांधबंदिस्ती, नाल्यावरची मोठी कामं शेवटी. वरचं न करता नाल्यात काम केलं तर वरून येणारा गाळ ते दोन-चार पावसाळ्यांत भरून टाकतो. तरी बहुतेक गावं नाल्यापासूनच सुरुवात करतात, कारण तिथलं काम डोळ्यांत भरतं.

परतल्यावर चावडीसमोर जमिनीवर चुन्यानं शिवाराचा नकाशा काढायला लावा. ओढे, विहिरी, वस्त्या, कापलेल्या घळी, सगळं. तालुका कृषी कार्यालयातून पाणलोटाचा छापील नकाशा आणून शेजारी पसरा आणि दोन्ही ताडून बघा. जिथे फरक दिसेल तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

तपासा: गटातल्या प्रत्येकाला आपल्या वस्तीच्या विहिरीवर पाणी कुठल्या उतारावरून येतं ते बोट दाखवून सांगता येतं का? ज्याला येत नाही त्यानं फेरी पुन्हा करायची.

## टप्पा 4: पाण्याचा हिशेब, प्रत्येकाच्या तोंडी

एक दुपार पुरते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर 10 हजार लिटर पाणी झालं. म्हणजे 40 मिलिमीटरच्या एका पावसात हेक्टरी 4 लाख लिटर. 60 सेंमी रुंद आणि 30 सेंमी खोल चरात दर मीटरला 180 लिटर मावतं; असा 600 मीटर चर एका वेळी 1 लाख 8 हजार लिटर धरतो. सगळा पाऊस काही वाहून जात नाही, बराचसा जागीच मुरतो, पण हे आकडे शेजारी मांडले की किती चर लागतील याचा अंदाज ज्याचा त्याला येतो. गणित फळ्यावर तुम्ही सोडवू नका. आपल्या तालुक्याचा पाऊस आणि आपल्या गायरानाचं क्षेत्र घेऊन त्यांना सोडवू द्या.

## टप्पा 5: आखणीची साधनं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. निदान दोन पूर्ण दिवस, तेही उतारावर. शाळेच्या सपाट मैदानात हे शिकवून काही हाती लागत नाही.

ए-फ्रेम. साधारण सहा-सात फुटांचे दोन सारखे बांबू, मध्ये आडवी पट्टी, आणि वरच्या टोकातून सोडलेला दगडाचा ओळंबा. प्रत्येक स्वयंसेवकानं ती एकदा स्वतः बांधायचीच. मग ती जुळवायची. दोन पाय जिथे टेकतात तिथे खुंट्या ठोका. दोरी आडव्या पट्टीला जिथे शिवते तिथे खूण करा. आता फ्रेम उलटी फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या खुंटीवर, आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये समपातळीची खूण येते. दोरी त्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत.

पाय बदलण्याची ही पायरी हटकून गाळली जाते. बांबू दिसायला सारखे असतात, पट्टी सरळ वाटते, आणि कोणीतरी नजरेनंच मध्यावर खूण करतं. त्याची किंमत मोजून दाखवा. पायांतलं अंतर दीड मीटर धरलं तर 20 मीटरच्या रेषेला तेरा-चौदा पावलं लागतात. दर पावलाला फक्त 2 सेंमी चूक आणि तीही एकाच बाजूला, म्हणजे रेषेच्या शेवटी 26-28 सेंमीचा फरक. 30 सेंमी खोलीचा चर अशा रेषेवर खणला तर खालच्या टोकाला काठोकाठ पाणी आणि वरचं टोक जवळपास कोरडं. निम्मी क्षमता गेली, शिवाय सगळं जादा पाणी एकाच जागेवरून बाहेर पडणार. बांध तिथेच फुटतो.

हायड्रोमार्कर. दोन मोजपट्ट्या आणि त्यांना जोडणारी पारदर्शक नळी. तत्त्व गवंड्याच्या लेव्हल पाइपचंच आहे, म्हणून गटातल्या गवंड्याला शिकवायला उभं करा. नळीत पाणी भरताना हवेचा बुडबुडा राहता कामा नये. नळी ताणून उजेडात धरून पूर्ण लांबी बघा. दोन्ही पट्ट्या एकाच जागी शेजारी-शेजारी उभ्या करून पाणी सारख्या आकड्यावर येतं का ते आधी पाहा. चालताना नळीच्या दोन्ही तोंडांवर अंगठा दाबायचा, वाचताना दोन्ही अंगठे काढायचे. एकाचा अंगठा राहिला तर पाणी खोटा आकडा दाखवतं. वाचायच्या आधी पाणी स्थिर होऊ द्या आणि आकडा मोठ्यानं म्हणा. समोरच्यानं तो परत म्हणायचा. दोन्हीकडे एकच आकडा येईपर्यंत पुढचा माणूस उतारावर वर-खाली सरकतो. जुळलं की तिथे फक्की, म्हणजे चुन्याची पूड, टाकायची.

साधन कोणाच्या हातात आहे यावर लक्ष ठेवा. पुरुष पट्टी धरतात आणि बाया घमेली उचलतात, असं चित्र न सांगता तयार होतं. प्रशिक्षणाच्या दोन्ही दिवशी प्रत्येक जोडीत निदान एक बाई हायड्रोमार्कर धरेल असा नियम घाला. पुढे श्रमदानात कोण अधिकारानं बोलेल ते इथेच ठरतं.

तपासा: एका जोडीनं आखलेली रेषा दुसऱ्या जोडीनं उलट टोकाकडून आखायची. फक्कीच्या दोन ओळी वेगळ्या आल्या तर दोन्ही साधनं पुन्हा जुळवा.

सावध: जोराच्या वाऱ्यात ओळंबा हलतो. तेव्हा ए-फ्रेमवर भरवसा ठेवू नका, हायड्रोमार्कर वापरा किंवा वारा पडेपर्यंत थांबा.

## टप्पा 6: नमुना चर, एकच पण बिनचूक

आखणी जमली की सगळ्या गटानं मिळून एकच चर खणायचा. दहा मीटर पुरे. लांबी वाढवण्याच्या मोहात पडू नका, कारण हाच चर पुढे गावाला दाखवायचा आहे.

खोली चराच्या खालच्या काठापासून मोजा. उतारावर वरच्या काठापासून मोजली तर ती जास्त भरते, आणि पाणी तर खालच्या काठावरूनच बाहेर जाणार असतं. माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, चराच्या काठाला लागून मात्र नाही. एक फूट जागा मोकळी सोडा, नाहीतर पहिल्या सरीत तीच माती चरात परत येते. तळ समपातळीत आहे का ते दोन्ही टोकांना आणि मध्ये हायड्रोमार्कर लावून बघा. लांब चरात ठरावीक अंतरावर मातीचा आडवा तुकडा न खोदता ठेवा, म्हणजे एका जागी चूक झाली तरी सगळ्या चराचं पाणी तिकडे धावत नाही. दोन चरओळींतलं अंतर उतारावर आणि मातीवर ठरतं. ते सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा कृषी सहायक) जागेवर ठरवून घ्या. तीव्र उतार असेल तर तिथे चर घ्यायचे की नाहीत हेही त्यालाच विचारा.

दुसऱ्या दिवशी एका छोट्या घळीत अनगड दगडी बांध रचून घ्या. मोठे दगड बाहेरच्या, उताराकडच्या बाजूला, लहान दगड आत. दोन्ही टोकं काठाच्या मातीत नीट घुसवलेली, आणि मधला भाग टोकांपेक्षा खोलगट. वरून सरळ सपाट बांध रचला की पाणी कडेला सरकतं, काठ कापतं आणि बांध मधोमध तसाच उभा राहतो. दगड आजूबाजूचे सुटे पडलेलेच वापरा. उतारात रुतलेले दगड उपसले तर त्यामागची माती मोकळी होते.

या कामाला किती माणसांना किती वेळ लागला ते लिहून ठेवा. तुमच्या मुरमात, तुमच्या माणसांनी, दोन तासांत किती घनमीटर होतं हा आकडा पुढच्या नियोजनासाठी बाहेरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा खरा.

## टप्पा 7: थांबवायला शिकवा

हा टप्पा वगळला जातो आणि मग आधीचं सगळं शिक्षण वाया जातं. श्रमदानाच्या दिवशी शे-दीडशे माणसं जमलेली असतात, ढोल वाजत असतात, पाहुणे यायचे असतात. रेषा तपासलेली नाही हे एखाद्या विशीतल्या मुलीच्या लक्षात येतं, पण समोर टिकाव घेऊन उभे असतात तिचे चुलते किंवा गावातले आबा. ती गप्प बसते.

म्हणून याचा सराव करून घ्या. प्रशिक्षकानं मुद्दाम चुकीची रेषा आखायची, कोणाला न सांगता. एकानं वयस्कर पाहुण्याची भूमिका घ्यायची: "अगं पोरी, आमची हयात गेली मातीत, आम्हाला काय शिकवतेस? खोदा रे!" आणि तिनं सगळ्यांसमोर म्हणायचं, "काका, पाच मिनिटं थांबा, रेषा तपासते आणि लगेच देते." पहिल्यांदा आवाज निघत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी निघतो. प्रत्येकाकडून करून घ्या, अगदी गवंड्याकडूनही.

नुसत्या धीरावर सोडू नका, त्याला गावाचा आधार द्या. तपासणाऱ्याच्या हातात काठीला बांधलेलं लाल फडकं असेल, ते रोवलं की त्या चरावरचं काम थांबेल, आणि ते फक्त तपासणाराच काढेल. ग्रामसभेत हे जाहीर सांगायला सरपंचांनाच विनंती करा.

तपासा: मुद्दाम चुकवलेली रेषा किती जणांनी साधन लावून पकडली? ज्यांनी नजरेनं 'बरोबर आहे' म्हटलं त्यांना अजून तपासणीचं काम देऊ नका.

## टप्पा 8: जिवाची काळजी

दगड हातानं उलटायचा नाही. आधी पहारीनं हलवायचा. फुरसं आणि विंचू दगडाखालीच बसतात. पायात बूट हवेत, चप्पल नको. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन उपलब्ध आहे का ते आधी विचारून ठेवा, रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक सगळ्यांना पाठ हवा, आणि डोंगरावर कुठल्या जागी फोन लागतो तेही माहीत हवं. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करायचं नाही. माणसाला चालवू नका, हातपाय हलू देऊ नका, थेट दवाखाना गाठा.

एप्रिल-मेत काम सकाळी नऊच्या आत आटोपा. मीठ-साखरेचं पाणी आणि सावलीची जागा कामाच्या ठिकाणीच हवी, खाली गावात नको. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांना आणि गरोदर बायांना नोंदवही, फक्की, पाणी ही कामं द्या. टिकावाचे दांडे आदल्या संध्याकाळी भिजवून घट्ट बसवा. सैल दांड्याचं पातं निसटून मागच्याच्या अंगावर जातं.

## टप्पा 9: श्रमदानाच्या दिवशी

खोदाईच्या ठिकाणी आखणी आदल्या दिवशीच पूर्ण झालेली असावी. लोक आल्यावर आखायला बसलात तर घाई होणारच.

गाभा गटातल्या प्रत्येकाकडे दहा-पंधरा माणसं द्या. पहिली दहा मिनिटं नमुना चरासमोर: रुंदी इतकी, खोली इतकी, माती इकडे, मधली मोकळी जागा अशी. भाषण नको. खोली आणि रुंदी मोजायला खुणा केलेली काठी प्रत्येक तुकडीला द्या. तिघांमागे एक टिकाव, एक फावडं, एक घमेलं असं वाटप केलं की कोणी नुसतं उभं राहत नाही. संपताना प्रत्येक चराची लांबी, रुंदी, खोली नोंदवहीत लिहा आणि त्यापुढे तपासणाऱ्याची सही घ्या. सही असली की माणूस दोनदा मोजतो.

सावध: पोकलेन आला की स्वयंसेवक बघे होतात. यंत्राच्या कामावरही तपासणारा नेमा. विशेषतः नाला खोलीकरणात किती खोल जायचं हे चालकावर सोडू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा मृद व जलसंधारण विभागाच्या जाणकाराला विचारल्याशिवाय ते हातीच घेऊ नका.

## टप्पा 10: पहिला पाऊस हीच परीक्षा

पहिला मोठा पाऊस थांबला, वीज कडाडायची बंद झाली, की गटानं माथ्यावर जायचं. कुठला चर सारखा भरला, कुठला एका टोकाला, कुठे बांध खचला, ते नोंदवहीतल्या त्या-त्या चरासमोर लिहायचं. जिथे फुटायच्या बेतात आहे तिथे लगेच माती-दगड लावायचे. ज्यानं ज्या चरावर सही केली त्यानंच तो चर बघावा. दोषारोप करू नका, चूक कशी झाली ते त्या जागेवर उभं राहून समजून घ्या. आखणीचा यापेक्षा चांगला वर्ग दुसरा नाही. याच ओलीत बांधांवर हॅमाटा, मारवेल अशा चाऱ्याचं बी टाका. मुळं धरली की बांध टिकतो.

पावसाची नोंद रोज सकाळी साडेआठला, एकाच माणसाकडून. विहिरींच्या पाणीपातळीसाठी पाच-सहा विहिरी निवडा, कठड्यावर तेलरंगानं खूण करा आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला, मोटार सुरू होण्याआधी, त्याच खुणेपासून मोजा. खूण नसेल तर प्रत्येकजण वेगळ्या जागेवरून मोजतो आणि आकडे जुळत नाहीत. मोजमाप शाळेतल्या नववीच्या मुलांना सोबत घेऊन केलंत तर पुढची फळी आपोआप हाताशी येते.

ऑक्टोबरात पाणीपातळी मोजून झाली की ती नोंदवही ग्रामसभेत वाचा, रब्बीला किती पाणी उरलं ते मांडा, आणि त्याच बैठकीत पुढच्या गटासाठी नावं घ्या. जुन्या गटातल्या निम्म्यांनी आता प्रशिक्षक व्हायचं. बाहेरच्या प्रशिक्षकानं त्या वर्षी मागे उभं राहून फक्त बघावं, आणि ए-फ्रेमचे पाय बदलायचे राहिले तरच तोंड उघडावं.